दिव्यामागचं चाक

छापखान्यात त्यांना सगळे कागदमास्तर म्हणायचे. तोंडावर नुसतं मास्तर, पाठीमागे कागदमास्तर. आणि पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं, मनातून आवडतही होतं. ते पडलं होतं त्यांच्या फोल्डरमधल्या एका कोऱ्या पांढऱ्या कागदामुळे. सकाळी आले की चपला दाराशी, डबा खिडकीत आणि मग तो कागद बाहेर. कागदाच्या कोपऱ्याला बोटाचा डाग पडला तरी मास्तर तो बदलायचे. डाग पाडणारा सापडला तर त्याची काही धडगत नसायची.

छापखाना फोटोंचा. लग्नांचे, सहलींचे, शाळेच्या वर्गांचे अल्बम आणि भिंतीवर लावायचे मोठे फोटो तिथे छापले जायचे. पण छपाईच्या आधी प्रत्येक फोटो मास्तरांच्या स्क्रीनवर यायचा. कोणाचा चेहरा पिवळा पडलाय, कोणाच्या पांढऱ्या शर्टाला निळी झाक आलीय, कोण झाडाखाली उभं राहून काळवंडलंय, ते सगळं मास्तर सरळ करायचे. पंचवीस वर्षांत त्यांनी हजारो अनोळखी माणसांचे चेहरे उजळले होते, आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

कामाला हात लावण्याआधी कागदाची पूजा व्हायची, असं छापखान्यातली पोरं चिडवायची. मास्तर खिडकीचा पडदा ओढायचे, कागद स्क्रीनशेजारी उभा धरायचे, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचे आणि खालचं बटण दाबत ब्राइटनेस कमी-जास्त करायचे. स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली दिसली तर जास्त झाला. मळकट दिसली तर कमी झाला. कागद कुठे संपतो आणि स्क्रीन कुठे सुरू होते हे डोळ्याला खुपेनासं झालं, की मग मास्तर खुर्चीत टेकायचे.

"स्क्रीन म्हणजे टॉर्च नव्हे," ते नव्या माणसाला सांगायचे. "खोलीत जेवढा उजेड, तेवढाच तिच्यात पाहिजे. नाहीतर डोळे दिवसभर तिच्याशी कुस्ती खेळतात. आणि भलत्या उजेडात फोटो बघितलास तर भलताच फोटो छापशील."

बटण दाबताना स्क्रीनवर आकडा उमटायचा, चौतीस, अडतीस, असा काहीतरी. मास्तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. आकड्याला खोलीतलं काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं. ढगाळ दिवस वेगळा, उन्हाचा वेगळा. रोज नव्याने जुळवायचं, आणि जुळवायचं ते डोळ्याने. हा त्यांचा अभिमान होता आणि थोडा तोराही होता. माणसाला एवढा तोरा परवडतो, असं आपल्याला वाटतं. मास्तरांनाही वाटत होतं.

घरीसुद्धा त्यांचा हाच धोशा. लेकीचा मोबाइल अंधाऱ्या खोलीत लखलखताना दिसला की उजेड कमी कर म्हणून ते मागे लागायचे. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही माणसाच्या जन्माला यायला नको होतं, दिव्याच्या जन्माला यायला हवं होतं." त्यांच्या आईने मात्र कधी ऐकलं नाही. ती टॅबलेटवर मालिका बघायची, तेही ब्राइटनेस टोकाला नेऊन. डोळ्यांतून पाणी यायचं, डोकं धरायचं, पण कमी करू म्हटलं की, "मग मला काही दिसत नाही," हे ठरलेलं उत्तर.

मग मास्तरांनी युक्ती केली. टॅबलेटच्या कडेला चिकटपट्टी लावली आणि रोज आई आंघोळीला गेली की ब्राइटनेस केसभर खाली आणायचा, पट्टीवर पेन्सिलने एक बारीक रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा केसभर, पुन्हा रेघ. पंधरा दिवसांत ब्राइटनेस निम्म्यावर आला. आईच्या डोळ्यांचं पाणी थांबलं, आणि आईने शेजारणीला सांगितलं की डोळ्यांत घालायच्या नव्या थेंबांचा गुण आला.

ही गोष्ट मास्तरांनी एका माणसाला अगदी रंगवून सांगितली होती. छापखान्याच्या मागच्या पायरीवर, चहा पिताना. "डोळ्याचं असं असतं बघ," ते म्हणाले होते, "त्याला एकदम ओढलं तर तो बोंब मारतो. केसाकेसाने नेलं तर कुठेही येतो. फक्त प्रत्येक पायरीला खूण करायची. खूण नसेल तर परत कसा येशील?"

ऐकणारा खळखळून हसला होता आणि त्याने मास्तरांना टाळी दिली होती. तो होता मास्तरांचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

साडूचं स्वतःचं फोटोंचं दुकान होतं. मोबाइल आले आणि दुकान बसलं. वर्षभर तो घरात बसून होता. मेव्हणी रविवारी मुलांना घेऊन यायची आणि स्वयंपाकघरात बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची. बायकोने मास्तरांना शब्द टाकला, मास्तरांनी मालकांना टाकला. "माणूस माझा आहे. चुकला तर माझा कान धरा," असं मास्तर म्हणाले होते. मालकांनी साडूला दुपारच्या पाळीला घेतलं. खुर्ची तीच, स्क्रीन तीच; सकाळी मास्तर, दुपारी साडू.

मास्तरांनी त्याला चार महिने शेजारी बसवून शिकवलं, हातचं काही राखलं नाही. डाव्या हाताने लिहिणाऱ्या त्या माणसाची पेन्सिल सगळ्या खुणा डावीकडे झुकवायची, त्यावरून मास्तर त्याची थट्टा करायचे. साडू आकड्यावर चालायचा. दुपारी पडदा ओढला की बत्तीस, हे त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. त्याचीही थट्टा व्हायची. साडू हसून म्हणायचा, "दादा, तुमच्यासारखा डोळा आम्हाला कुठला!"

मास्तरांना छापखान्यात पंचवीस वर्षं झाली तेव्हा साडूने त्यांना टेबलावरचा दिवा भेट दिला. मान वाकवता येणारा, जड बुडाचा, आणि बुडाच्या मागच्या बाजूला उजेड कमी-जास्त करायचं बारीक दातेरी चाक. "सकाळी तुमच्या खोलीत उजेड कमी पडतो, दादा. डोळ्यांना ताण नको," साडू म्हणाला. मास्तरांना इतकं भरून आलं की आभार मानायचेही राहून गेले. त्यांनी दोन दिवस खपून दिवा खोलीशी जुळवला, चाकावरची रेघ जिथे आली तिथे बुडावर लेकीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि दिवा भिंतीशी ठेवला. पेटवायचा-विझवायचा तो भिंतीवरच्या बटणाने. चाकाला पुन्हा हात लावायचं कारणच नव्हतं.

दोन महिन्यांनी पहिला अल्बम परत आला.

कोणा वकिलाच्या मुलीच्या लग्नाचा. "आमची सगळी माणसं सावलीत उभी केल्यासारखी दिसतात," तो म्हणाला. मास्तरांनी अल्बम आपल्या दिव्याखाली उघडला. छान तर दिसत होता. त्यांनी मालकांना तसं सांगितलं. मालकांनी तोच अल्बम आपल्या केबिनमध्ये, साध्या ट्यूबखाली उघडला आणि त्यांच्यापुढे सरकवला. चेहरे खरोखर काळवंडलेले होते. मास्तरांना वाटलं, झाली असेल एखादी चूक.

मग दुसरा आला, मग चौथा. सगळे सकाळच्या पाळीतले. दुपारचे अल्बम चोख जात होते. आणि मग एक म्हातारी आली. तिचा नवरा गेला होता आणि त्याचा शेवटचा फोटो तिने मोठा करून घेतला होता. काउंटरवर फोटो ठेवून ती म्हणाली, "हे कोण आहे? मला यांचे डोळेच दिसत नाहीत." ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली, आणि मास्तर आतल्या दाराशी उभे राहून ते ऐकत होते.

त्याच सुमाराला त्यांचे डोळे चुरचुरायला लागले होते. दहा वाजेपर्यंत कपाळ ठणकायचं. स्क्रीनवरून नजर उचलली की समोरच्या भिंतीवर हिरवे डाग पोहायचे. मास्तरांनी मनाशी हिशेब केला: कागद रोज जुळवतो, स्क्रीन रोज जुळवतो, चुकायला जागाच नाही, म्हणजे चुकतोय तो डोळा. आयुष्यभर ज्याच्या जिवावर मान वर ठेवून चाललो तोच दगा देतोय. ही भीती त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. सांगितली ती साडूला.

साडूनेच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तासभर तपासलं आणि म्हणाल्या, "वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. कामाच्या जागी उजेड फार नाही ना? एकदा तो तपासून बघा."

"उजेडाच्या बाबतीत यांना कोण शिकवणार, डॉक्टर?" साडू म्हणाला. "अख्खा छापखाना यांच्याकडून शिकतो."

आणि मास्तर, बिचारे, त्या खुर्चीत बसून खूष झाले.

अल्बम यायचे थांबले नाहीत. डॉक्टरांच्या यंत्रात न सापडणारं काहीतरी आपल्याला झालंय, अशी मास्तरांची खात्री पटली. ते घरात कोणी नसताना डोळे मिटून चालायची सवय करायला लागले. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं. दारापासून आईच्या खुर्चीपर्यंत सहा. एका रविवारी साडू लवकर आला आणि त्याने त्यांना तसं, हात पुढे करून, भिंत चाचपत चालताना पाहिलं. मास्तर ओशाळले. "उद्या वेळ आलीच तर माहीत असावं," ते म्हणाले. "घरात बोलू नकोस." साडूने मान खाली घातली आणि त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

चौथ्या महिन्यात मालकांनी मास्तरांना खाली पॅकिंगला पाठवलं. अल्बम पुठ्ठ्याच्या खोक्यात घालायचे, चिकटपट्टी मारायची, पत्ता चिकटवायचा. साडू आता सकाळपासून वर बसायचा. मास्तरांनी जाताना खुर्चीची पाठ एकदा पुसली आणि त्याला म्हणाले, "कागद ड्रॉवरमध्ये ठेवलाय." साडूच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं की खोटं, हे मास्तरांना पुढे कधी ठरवता आलं नाही.

पॅकिंगच्या कोपऱ्यात एकच पिवळा बल्ब होता. महिनाभराने मास्तरांना पत्ते वाचायला त्रास व्हायला लागला आणि त्यांना आपला दिवा आठवला. साडू तेव्हा दोन दिवसांच्या रजेवर होता. शिपायाने दिवा खाली आणून टेबलावर ठेवला, पण ठेवला उलटा, चाकाची बाजू पुढे करून.

मास्तर तो सरळ करायला गेले आणि थांबले.

लाल ठिपका जागेवर होता. चाकावरची रेघ मात्र त्याच्यापासून कितीतरी लांब, जवळजवळ टोकाला गेली होती. हलवाहलवीत फिरलं असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. मग चष्मा वर करून ते खाली वाकले. ठिपक्यापासून त्या टोकापर्यंत, बुडाच्या पांढऱ्या रंगावर, पेन्सिलच्या बारीक रेघा होत्या. सारख्या अंतरावर. मास्तरांनी मोजल्या. अकरा. आणि प्रत्येक रेघ डावीकडे झुकलेली होती.

ते स्टुलावर बसले. त्यांना आधी काही वाटलंच नाही, नुसतं सगळं क्रमाने दिसत गेलं. दिवा केसभर वाढला की कागद केसभर उजळ दिसणार. कागद उजळला की कागदमास्तर स्क्रीन उजळवणार. उजळ स्क्रीनवर फोटो फिका वाटणार, की मास्तर तो गडद करणार. छापून आलेला फोटो त्याच भगभगीत दिव्याखाली बघणार आणि छान आहे म्हणणार. दुपारी साडू दिवा विझवणार, बत्तीस आकडा लावणार आणि चोख काम करणार. आकड्याकडे मास्तर कधी बघत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. खूण करत जायचं, हे तर मास्तरांनीच शिकवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वस्तरा त्यांनी स्वतः धार लावून हातात दिला होता.

मग राग आला. एवढा, की हातातली चिकटपट्टीची गुंडाळी त्यांनी भिंतीवर फेकली आणि शिपाई दचकून बाहेर पळाला.

दिवा छातीशी धरून ते वर गेले. चाक ठिपक्यावर आणलं, ड्रॉवरमधला कागद काढला, स्क्रीन जुळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा आकड्याकडे बघितलं. तेहतीस. त्यांनी म्हातारीच्या नवऱ्याचा फोटो उघडला. दहा मिनिटांत तो सरळ केला, छापला आणि शाई ओली असतानाच मालकांच्या केबिनमध्ये नेऊन ट्यूबखाली ठेवला.

म्हाताऱ्याचे डोळे स्वच्छ दिसत होते. थोडे मिस्कीलही होते. इतके दिवस कोणाला ते कळलंच नव्हतं.

"मास्तर, हे तुम्ही केलंत?" मालक म्हणाले. "पण तुमच्या डोळ्यांना तर... तुमचे साडूच म्हणाले, डॉक्टरांनी स्क्रीन बंद करायला सांगितलीय."

मास्तरांनी दिवा उलटा करून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मालकांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नवं यंत्र येणार म्हणून एकच पाळी राहणार आणि खुर्चीत तुम्हीच बसणार, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. घरातले आहात, तूच दादांना नीट समजावून सांग म्हटलं होतं. हा दिवा त्याने दिला ना, त्याच्या आठवडाभर आधी."

मास्तरांना आभार मानायचे राहून गेले होते ते आठवलं.

साडू रजेवरून आला तेव्हा मास्तर आपल्या खुर्चीत बसले होते आणि दिवा दाराकडे पाठ करून ठेवला होता. साडूने आत पाऊल टाकलं, चाक बघितलं आणि तिथेच उभा राहिला. नाही म्हणायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"दादा, तुम्हाला काय कमी आहे?" तो शेवटी म्हणाला. "लेक कमावती आहे. घर स्वतःचं आहे. माझी दोन्ही पोरं शाळेत आहेत. मी पुन्हा घरी बसलो असतो तर..."

"मग हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उठला असता?"

मास्तरांनी खरोखर विचार केला. "माहीत नाही," ते म्हणाले. "कदाचित नसतो उठलो. पण भांडलो असतो तुझ्याशी. तोंडावर."

"तुमच्या डोळ्यांना मी काही केलं नाही, दादा. डोळे चांगलेच आहेत की."

"मी पावलं मोजत होतो," मास्तर म्हणाले. "पलंगापासून मोरीपर्यंत. तू बघितलंस. माझा हात धरून मला खुर्चीत बसवलंस, आणि सोमवारी येऊन पुढची रेघ मारलीस!"

साडू मागे वळला आणि जिना उतरून गेला. मालकांनी त्याला काढलं नाही, खाली पॅकिंगला पाठवलं. मेव्हणीचं रविवारचं येणं बंद झालं. मास्तरांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि दोन दिवस तिने बहिणीचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला आणि दोघी नुसत्या रडल्या.

मास्तरांना खुर्ची मिळाली, डोळेही परत मिळाले. पण कामाचा वेग गेला. कागद जुळवला तरी ते उठून मालकांच्या ट्यूबखाली जाऊन फोटो बघायचे. परत येऊन पुन्हा कागद. बल्ब कोणी बदलला का, पडदा कोणी धुतला का, शिपायाला दिवसातून तीनदा विचारायचे. पोरं आता पूजा म्हणून चिडवत नव्हती.

दिवा त्यांनी घरी नेऊन माळ्यावर टाकला होता. एका संध्याकाळी ते कामावरून आले तर तो त्यांच्या वाचायच्या टेबलावर पेटलेला होता, शेजारी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं. बायको दारात उभी होती.

"वस्तूचा काय दोष?" ती म्हणाली. "चांगला दिवा आहे. किती दिवसांत तुम्ही वाचलं नाहीत, म्हणून मीच लावला."

मास्तर टेबलाला वळसा घालून भिंतीकडे गेले, खाली वाकले आणि त्यांनी चाक बघितलं. रेघ ठिपक्यावर होती. त्यांनी बोट लावून खात्री केली. मग त्यांनी विचारलं, "हा घ्यायला दुकानात कोण गेलं होतं?"

"आम्ही दोघी बहिणी. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं की."

"चाकाचाच घ्यायचा, हे कोण म्हणालं?"

बायकोला प्रश्न कळायला एक क्षण लागला. कळला तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"मी," ती म्हणाली. "ती साधाच घेत होती. मीच म्हटलं, यांना उजेड रोज जुळवायला लागतो, चाकाचा घे." ती थांबली. "तुम्ही मला विचारताय?"

मास्तरांना नाही म्हणायचं होतं. जीभ रेटेना.

बायको पुढे आली. तिने दिवा दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलावर उलटा फिरवून ठेवला, चाक त्यांच्या खुर्चीकडे आणि उजेड भिंतीकडे. "घ्या," ती म्हणाली. "आता नीट दिसेल." आणि आत गेली.

मास्तर खुर्चीत बसले. सगळा उजेड भिंतीवर पडत होता आणि वर्तमानपत्रावर दिव्याचीच सावली आली होती, एक ओळ वाचता येत नव्हती. दिवा सरळ करायला त्यांनी दोनदा हात पुढे नेला. मग हात मागे घेतला आणि चाकाकडे बघत तसेच बसून राहिले.